वाचक विचारतात : मॉस्कोची मेट्रो पाहायची कशी, वापरायची कशी

मागच्या अंकात जगातल्या भुयारी रेल्वेंवर एक छोटे टिपण होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे मॉस्कोबद्दलची आहेत. कोणाचा मुलगा तिथे डॉक्टरकी शिकतोय, कोणी फिरायला निघाले आहे, कोणाला खांब-कमानींत रस आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

मॉस्कोत आम्हाला जेमतेम एक संध्याकाळ मिळणार आहे. शेरेमेत्येवो विमानतळावरून शहरात येऊ. तेवढ्यात कोणती स्थानके पाहावीत? टॅक्सी ठरवावी का?
*— एक वाचक, सोलापूर*

टॅक्सी अजिबात नको. मॉस्को मेट्रोत अंतराप्रमाणे भाडे नाही. आत शिरताना एकदा पैसे कापले जातात आणि तुम्ही गेटबाहेर पडत नाही तोवर दुसरे तिकीट लागत नाही. म्हणजे चांगली सहा स्थानके एकाच भाड्यात होतात, फक्त क्रम नीट लावायला हवा.

विमानतळावरून एरोएक्सप्रेस गाडी बेलोरुस्की या मोठ्या रेल्वे स्थानकावर येते. त्याच्याच खाली बेलोरुस्काया हे मेट्रो स्थानक आहे. तिथून तपकिरी रंगाची, ५ क्रमांकाची वर्तुळ मार्गिका धरा. हिची १२ स्थानके आणि १९ किलोमीटरच्या आसपास लांबी. पूर्ण फेरी अर्ध्या तासात होते. तुम्हाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जायचे आहे. दिशा चुकली का, हे कानांनीच कळते. या वर्तुळावर काट्यांच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत घोषणा पुरुषाच्या आवाजात होतात, उलट दिशेने जाणाऱ्या गाडीत बाईच्या.

पुढचेच स्थानक नोवोस्लोबोद्स्काया, १९५२ सालचे. रंगीत काचेची ३२ चित्रे, पितळी चौकटीत बसवलेली आणि मागून दिव्यांनी उजळलेली. चित्रे पावेल कोरिनची, काचकाम रीगामधल्या लातवियन कारागिरांचे. पुन्हा गाडीत बसा, प्रोस्पेक्त मीरा सोडून द्या आणि कोम्सोमोल्स्कायाला उतरा. वर चौकात तीन मोठी रेल्वे स्थानके आहेत, त्यामुळे इथे रेटारेटी असते. पिवळे छत, झुंबरे, ६८ खांब आणि छतावर कोरिनचीच आठ मोझेइक चित्रे. वास्तुरचनाकार अलेक्सेई शुसेव. लेनिनची समाधी आणि वरचे कझान्स्की स्थानकही त्याचेच. लोक या स्थानकाचे सर्वाधिक फोटो काढतात. आमच्या मते ते जरा जास्तच गोड झाले आहे, श्रीमंत घरच्या लग्नाच्या हॉलसारखे.

पुढे कुर्स्काया. इथे वर्तुळ सोडून गडद निळी, ३ क्रमांकाची मार्गिका घ्या आणि शहराच्या मध्याकडे फक्त एक स्थानक जा : प्लोश्चाद रेवोल्यूत्सीइ. (मध्याकडे जाणाऱ्या गाडीतही पुरुषाचाच आवाज.) १९३८ साली उघडलेल्या या स्थानकात मात्वेई मानिझेरच्या ७६ कांस्यमूर्ती आहेत. मूळ मूर्ती २० प्रकारच्या. १८ प्रकार चार-चारदा आणि दोन प्रकार दोन-दोनदा. सीमारक्षकाच्या कुत्र्याचे नाक हात लावून लावून सोन्यासारखे चकाकते. परीक्षेला निघालेले विद्यार्थी ते हमखास चोळतात.

तिथून जोडमार्गाने शेजारच्या तेआत्राल्नायाला चालत जा. वरच्या छतात चिनी मातीतल्या नर्तक-वादकांच्या छोट्या आकृती आहेत, बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. इथून हिरवी, २ क्रमांकाची मार्गिका उत्तरेकडे धरायची. आता आवाज बाईचा असायला हवा, कारण तुम्ही मध्यापासून दूर चालला आहात. दुसरे स्थानक मायाकोव्स्काया. एवढ्या सगळ्यात एकच पाहायचे म्हटले तर हेच पाहा. त्यापुढचे स्थानक बेलोरुस्काया, म्हणजे निघालात तिथेच परत.

गाडीतला वेळ अर्ध्या तासाच्या आसपास, बाकी वेळ पाहण्याचा. निवांत दोन तास धरा. कामाच्या दिवशी सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८ ही वेळ टाळा. रात्री नऊनंतर किंवा रविवारी सकाळी दालने बरीच मोकळी मिळतात.

भुयारात एवढा संगमरवर आणि कलाकुसर कशासाठी? आमचे सर म्हणतात, हा निव्वळ राजकीय देखावा होता. खरे काय?
*— वास्तुकलेची विद्यार्थिनी, नागपूर*

देखावा होताच, त्यात वाद नाही. १५ मे १९३५ रोजी १३ स्थानकांनिशी मेट्रो सुरू झाली तेव्हा ती नव्या राजवटीची जाहिरातच होती आणि तिला नावही कागानोविच या बड्या नेत्याचे होते. पण तुमच्या सरांना एक प्रश्न जरूर विचारा. देखावा तर सगळ्याच राजवटी करतात, मग ही स्थानके आज नव्वद वर्षांनीही का चालतात? त्याचे उत्तर बांधकामात सापडते.

मॉस्कोच्या वरच्या थरांत पाण्याने भरलेली वाळू आणि बुजवलेल्या जुन्या नद्यांची पात्रे आहेत. रस्ते उकरून उथळ भुयार करायचे की खाली घट्ट थरात उतरायचे, यावर सुरुवातीला मोठा वाद झाला. वेनियामिन माकोव्स्की या तरुण अभियंत्याने खोल भुयाराची बाजू लावून धरली आणि मध्य शहरात तीच मान्य झाली.

खोल स्थानक म्हणजे शेजारी शेजारी खणलेल्या तीन मोठ्या नळ्या. बाजूच्या दोन नळ्यांत रूळ आणि फलाट, मधल्या नळीत दालन. नळ्यांना आतून बिडाच्या वक्र तुकड्यांची कडी घालून बोल्टांनी आवळतात. मग फलाटावरून दालनात यायला मधल्या भिंतींत दरवाजे पाडायचे. वर चाळीस-पन्नास मीटर माती असताना किती पाडणार? म्हणून दोन दरवाज्यांच्या मध्ये जाडजूड भिंतखांब शिल्लक राहतो. हा झाला पहिला प्रकार. अशा स्थानकात माणूस दबतो; समोरचा फलाट दिसत नाही, कमानी ठेंगण्या वाटतात. वास्तुरचनाकाराचे पहिले काम ही जाडी डोळ्यांना हलकी करणे. प्लोश्चाद रेवोल्यूत्सीइच्या मूर्ती उभ्या का नाहीत, बसलेल्या, वाकलेल्या, गुडघ्यावर का आहेत? कारण कमानीच्या पायथ्याशी ताठ उभे राहायला जागाच नाही. त्यावरून मॉस्कोकर विनोदही करतात, पण मूर्तींची ठेवण जागेनेच ठरवली आहे.

दुसरा प्रकार खांबांचा. त्याचा उत्तम नमुना मायाकोव्स्काया, ११ सप्टेंबर १९३८ रोजी उघडलेले, जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. वास्तुरचनाकार अलेक्सेई दुश्किन. (प्लोश्चाद रेवोल्यूत्सीइ आणि नोवोस्लोबोद्स्कायाही त्याचीच, मॉस्कोला गेलात तर या एकाच माणसाच्या कामाचा माग काढा, अभ्यासक्रमात नसले तरी.) त्याने जाड भिंतखांब काढून पोलादी खांब आणि तुळयांवर भार घेतला. खांब बारीक झाले आणि तिन्ही नळ्या मिळून एकच मोकळे दालन झाले. कमानींना गंजरहित पोलादाच्या पन्हळी पट्ट्या आहेत. त्या एअरशिप, म्हणजे हलक्या वायूवर तरंगणारी जहाजे, बनवणाऱ्या कारखान्यात दाबून काढल्या. खांबांच्या कोपऱ्यांना उरल पर्वतातला गुलाबी ऱ्होडोनाइट दगड आहे. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात या स्थानकाला मोठे पारितोषिक मिळाले.

छतात लंबगोल घुमटांची रांग आहे आणि प्रत्येक घुमटात अलेक्सांद्र देइनेकाचे एक मोझेइक. विषय सोवियत आकाशाचे चोवीस तास : सकाळची विमाने, दुपारचे पॅराशूट, रात्रीचे दिवे. मूळ ३५ पैकी ३४ शिल्लक आहेत. घुमटाच्या कडेने दिव्यांचे कडे आहे, त्यामुळे दिवा डोळ्यांत खुपत नाही आणि वर आभाळ उघडल्यासारखे वाटते. एक दोष मात्र सांगायलाच हवा. चित्रे इतकी खोल बसवली आहेत की चालणाऱ्याला ती दिसतच नाहीत. घुमटाच्या अगदी खाली थांबून मान वर करावी लागते, आणि घाईच्या वेळी तिथे थांबलात तर धक्के खाल.

भुयारात उजेड हेही बांधकामाचेच एक साहित्य आहे. उथळ असलेल्या क्रोपोत्किन्स्कायात (१९३५, पुन्हा दुश्किन, सोबत लिख्तेनबर्ग) खांब वर फुलत जातात आणि दिवे खांबांच्या माथ्यांत लपवले आहेत. दिवा दिसत नाही, उजळलेले छत दिसते. एलेक्त्रोझावोद्स्कायाने (१९४४) उलटे केले : छतात सहा रांगांत प्रत्येकी ५३, एकूण ३१८ गोल दिवे. दोन्ही उपाय चालतात, पण ३१८ दिवे बदलणाऱ्याला विचारा त्याला कोणता आवडतो.

४ नोव्हेंबर १९५५ रोजी बांधकामातल्या अनावश्यक सजावटीविरुद्ध सरकारी फर्मान निघाले आणि ही चैन संपली. नंतरची उथळ स्थानके कारखान्यात ओतलेल्या तयार काँक्रीटच्या भागांची. दोन रांगांत चाळीस-चाळीस खांब, भिंतीला साध्या फरश्या. मॉस्कोकरांनी त्यांना गोमेचे नाव ठेवले. विद्यार्थ्यांनी मात्र नाक मुरडू नये; उपनगरांतल्या लाखो नव्या घरांपर्यंत मेट्रो एवढ्या झटपट पोहोचली ती या गोमांच्याच पायांवर.

आमच्या कोकणात साध्या घराच्या भिंतीही पावसाळ्यात ओल धरतात. तिथे तर एवढ्या खोल, पाण्याच्या थरात स्थानक. संगमरवर टिकतो कसा?
*— एक बांधकाम ठेकेदार, रत्नागिरी*

ठेकेदाराला शोभणारा प्रश्न. पहिली गोष्ट, पाणी पूर्ण अडवता येते असे तिथे कोणी गृहीत धरत नाही. बिडाच्या कड्यांचे सांधे शिशाने किंवा लवकर आळणाऱ्या खास सिमेंटने ठासून भरतात, बोल्टांच्या भोकांना वॉशर घालतात, कड्यामागे सिमेंटचा पातळ गारा दाबाने सोडतात. तरी थेंब येतोच.

म्हणून दुसरी फळी. कड्याच्या आतून, थोडी फट ठेवून, छताच्या आकाराचे पत्रे टांगतात. तिथले लोक याला छत्रीच म्हणतात. जुन्या स्थानकांत ते ॲस्बेस्टॉस सिमेंटचे, नव्यांत फायबरचे. गळणारे पाणी छत्रीवरून दोन्ही बाजूंच्या पन्हळीत, तिथून फलाटाखालच्या गटारात, मग टाकीत जाते, टाकीवर पंप. आपण खालून जे नक्षीदार छत पाहतो ते या छत्रीच्या पोटाला लावलेले असते. भार घेणारे छत वेगळे आणि दिसणारे छत वेगळे.

बिघडते ते छत्रीच्या सांध्यात किंवा पन्हळ तुंबली की. आधी छतावर तपकिरी डाग दिसतो, मग प्लास्टर फुगते. भिंतीला चिकटवलेल्या संगमरवराचे दुखणे निराळे. मागून ओल येते, सोबत क्षार आणते, आणि दगडाच्या सांध्यांत पांढरा लोणा फुटतो. वरून घासून उपयोग नाही. दोन आठवड्यांत तो परत येतो. लादी काढून मागचा पाझर बंद करावा लागतो आणि तीच लादी पुन्हा बसवावी लागते, कारण त्याच खाणीचा त्याच रेघांचा दगड आता मिळेलच असे नाही. उझबेकिस्तानचा गाझगान, उरलचा पांढरा कोएल्गा, जॉर्जियाचे लाल दगड असा माल तेव्हा एकाच देशात, सोवियत संघात, मिळत होता.

फरशीचा हिशेब आणखी सरळ. संगमरवर मऊ, कठीणपणाच्या १ ते १० च्या मोस मोजपट्टीवर ३ च्या आसपास. ग्रॅनाइट ६ ते ७. हिवाळ्यात बुटांना लागून रेती आणि रस्त्यावरचे बर्फ वितळवणारी रसायने आत येतात. त्यात संगमरवराची फरशी झिजून खोलगट होते. म्हणून भिंतींवर संगमरवर ठेवून पायांखाली जवळजवळ सगळीकडे ग्रॅनाइट आला. इकडे लॉबीत इटालियन मार्बल मागणाऱ्या ग्राहकांना हे सांगून पाहा.

जाता जाता : लालसर दगडात नीट पाहिलेत तर शंखासारखे वेटोळे दिसतात. ते अमोनाइट या नामशेष समुद्री प्राण्यांचे जीवाश्म. वर्तुळ मार्गिकेवरच्या दोब्रिनिन्स्कायात ते सहज सापडतात.

माझा मुलगा एमबीबीएससाठी मॉस्कोला चालला आहे. एकटा, भाषा येत नाही. मेट्रोत हरवू नये म्हणून त्याला काय काय सांगू?
*— एक आई, लातूर*

ताई, मेट्रोत हरवणे तिथे अवघड आहे, कारण गाड्या इतक्या लवकर येतात की चूक झाली तरी चार-पाच मिनिटांत सुधारते. तरी या गोष्टी त्याच्याकडून पक्क्या करून घ्या.

पैसे. भारतातल्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डे मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत. सुरुवातीला हाताशी रोख रूबल हवेत. मेट्रोच्या खिडकीवर ‘त्रोइका’ नावाचे कार्ड घ्यावे आणि त्यात पैसे भरावेत. मेट्रोत शिरताना ते टेकवायचे, बाहेर पडताना टेकवायचे नाही. उपनगरी मार्गिकांवर मात्र बाहेर पडतानाही टेकवावे लागते. प्रवेश झाल्यावर विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या कार्डाची चौकशी विद्यापीठाच्या कार्यालयात करावी.

अक्षरे. विमानात बसायच्या आधी दोन दिवस काढून रशियन अक्षरे शिकायला लावा, व्याकरण नंतर. फसवतात ती इंग्रजीसारखी दिसणारी अक्षरे : पी दिसतो तो ‘र’, सी दिसतो तो ‘स’, एच दिसतो तो ‘न’, बी दिसतो तो ‘व’, एक्स दिसतो तो ‘ख’. ‘रेस्तोरान’ची पाटी नवखा माणूस ‘पेक्टोपाह’ अशी वाचतो. तीन शब्द पाठ हवेत : ‘व्खोद’ म्हणजे आत जायची वाट, ‘वीखद’ म्हणजे बाहेर पडायची, ‘पेरेखोद’ म्हणजे दुसऱ्या मार्गिकेकडे जायचा जोडमार्ग.

मार्गिका रंगापेक्षा क्रमांकाने लक्षात ठेवावी. रंग जवळजवळचे आहेत. रुळापलीकडच्या भिंतीवर त्या दिशेने पुढे येणाऱ्या स्थानकांची यादी असते. गाडीत चढण्याआधी आपले स्थानक तिथे आहे का, एवढे पाहायचे.

नावांचा घोटाळा. इथे नवखे लोक खरोखर अडकतात. अर्बात्स्काया नावाची दोन स्थानके आहेत, एक ३ क्रमांकावर, दुसरे ४ वर, आणि दोन्ही एकमेकांना थेट जोडलेली नाहीत. स्मोलेन्स्कायाचेही तसेच. उलट बिब्लिओतेका इमेनी लेनिना, अलेक्सांद्रोव्स्की साद, बोरोवित्स्काया आणि ३ क्रमांकाची अर्बात्स्काया ही चार वेगळी नावे आतून जोडलेल्या एकाच गुंत्याची आहेत. कारण, प्रत्येक मार्गिकेचे स्थानक निराळे बांधलेले आणि त्याचे नावही निराळे. म्हणून कोणी ‘अर्बात्स्कायाला भेट’ म्हणाले तर मार्गिकेचा क्रमांक आणि बाहेर पडायच्या दाराचा क्रमांक, दोन्ही विचारून घ्यावेत. चुकीच्या दाराने वर आले की उणे पंधरा अंशात आठ पदरी रस्ता ओलांडायची वाट शोधत फिरावे लागते.

दारे. प्रवेशाची लाकडी दारे जड असतात आणि दोन्हीकडे झुलतात. भुयारातली गाडी पुढची हवा ढकलत आणते, तिचा झोत दारावर येतो आणि दार जोरात परततं. मागच्या माणसासाठी दार धरून ठेवायची तिथे रीतच आहे. त्यानेही धरावे आणि डोके सांभाळावे.

मार्गिका बदलायचे जोडमार्ग रात्री १ वाजता बंद होतात. १ ला पाच कमी असताना मित्राच्या खोलीवरून निघायचे नाही, हेही सांगून ठेवा. ऐकेल न ऐकेल.

मला आणि सौ.ना गुडघेदुखी आहे. एवढे खोल सरकते जिने सुरक्षित असतात का? लिफ्ट आहेत का?
*— एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर*

सर, आधी गैरसोय सांगतो. जुन्या खोल स्थानकांत लिफ्ट जवळजवळ नाहीत. सरकता जिना आहे, पण त्याच्या आधी-नंतर आणि जोडमार्गांत साधे जिने येतात, वीस-तीस पायऱ्यांचे. नव्या स्थानकांत, विशेषतः २०२३ साली पूर्ण झालेल्या ७० किलोमीटरच्या मोठ्या वर्तुळ मार्गिकेवर, लिफ्ट आहेत. मेट्रोचे प्रवासी साहाय्य केंद्र वृद्ध आणि अपंग प्रवाशांसोबत विनामूल्य माणूस देते. आदल्या दिवशी हॉटेलकडून फोन करून घ्या.

जिन्यांची लांबी खरेच मोठी. पार्क पोबेदी स्थानकातला जिना १२६ मीटर लांब आहे. उतार ३० अंशांचा, म्हणजे उंची त्याच्या निम्मी, ६३ मीटर. सेकंदाला पाऊण मीटर वेगाने पावणेतीन मिनिटे लागतात. उजवीकडे उभे राहायचे, डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी. पायरीवर बसू नका. हातपट्टा आणि पायरी यांचा वेग कधी कधी किंचित वेगळा असतो. हात पुढे ओढला जाऊ लागला तर उचलून परत मागे ठेवा.

सुरक्षिततेचा धडा या मेट्रोने महाग विकत घेतला. १७ फेब्रुवारी १९८२ रोजी संध्याकाळच्या गर्दीत आव्हियामोतोर्नाया स्थानकाचा खाली जाणारा जिना प्रवाशांच्या भाराने सुटला आणि नेहमीच्या वेगाच्या दुपटीहून अधिक वेगाने धावला. त्या प्रकारच्या जिन्यांना नवे ब्रेक बसवले होते, पण ते नीट जुळवलेले नव्हते. मुख्य ब्रेकने भार धरला नाही, आणीबाणीचा ब्रेक उशिरा लागला. खाली लोक एकमेकांवर पडले आणि ८ जण चेंगरून मेले. काही जण बाजूच्या कठड्यावर चढले, तेव्हा पातळ प्लास्टिकचे पत्रे फुटले. त्यानंतर त्या प्रकारच्या जिन्यांचे ब्रेक आणि कठडे बदलले गेले.

तुमच्यासाठी व्यवहाराचा सल्ला : वर सांगितलेली फेरी अर्धीच करा. बेलोरुस्कायाहून हिरव्या मार्गिकेने एकच स्थानक, मायाकोव्स्काया. पाहा आणि त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूने परत या. दालन आणि दोन्ही फलाट एकाच पातळीवर आहेत, त्यामुळे तिथे एकही पायरी चढावी लागत नाही.

मॉस्कोत म्हणे गर्दीच्या वेळी दीड मिनिटाला गाडी येते. मग आमच्या लोकलला काय धाड भरली आहे?
*— रोजचा प्रवासी, डोंबिवली*

राग समजू शकतो, पण तुलना एकाच जातीच्या गोष्टींची हवी. मॉस्कोची प्रत्येक मार्गिका स्वतंत्र, बहुतेकींना फाटा नाही. त्या रुळावर दुसरी कुठलीच गाडी येत नाही. लोकलच्या जाळ्यात जलद, धीम्या, लांब पल्ल्याच्या गाड्या, जंक्शनला एकमेकींचे रूळ ओलांडणे, हे सगळे आहे.

दीड मिनिटाचे गणित असे. आठ डब्यांची गाडी, सुमारे १५५-१६० मीटर लांब. प्रत्येक डब्याला एका बाजूस चार दारे, म्हणजे फलाटावर एकदम ३२ दारे उघडतात. थांबा २५-३० सेकंद. गाडी निघून फलाट मोकळा व्हायला वीस-पंचवीस सेकंद, मागची वेग कमी करत आत यायला तेवढेच, वर थोडी सुरक्षेची फट. हे सगळे मिळून ९० सेकंदांत कसेबसे बसते. यातला सर्वांत नाजूक आकडा थांब्याचा. एका माणसाने बंद होणारे दार अडवले की दहा सेकंद गेले आणि मागच्या पाच गाड्या अडकल्या. टोकाच्या स्थानकापुढे गाडी वळवायला जादा रूळ असतात आणि उलट्या टोकाला दुसरा चालक आधीच तयार असतो. वर्तुळ मार्गिकेला टोकच नाही, त्यामुळे तिथे झालेला उशीर कुठे मुरवता येत नाही. तो फिरत राहतो.

मुंबईत खरी तुलना करायची तर ॲक्वा मार्गिकेशी करा : ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके, त्यातली २६ भुयारी, ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण. तिथे फलाटाला काचेची सरकती दारे आहेत, जी मॉस्कोच्या जुन्या स्थानकांत नाहीत. वीज २५ हजार व्होल्टची, डोक्यावरून येणारी. मॉस्कोत ८२५ व्होल्टची, रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून. तिसऱ्या रुळामुळे मॉस्कोचे भुयार ५.१ मीटर आतल्या व्यासात भागते. आणि त्यामुळेच फोन रुळावर पडला तर उतरायचे नाही. फलाटावरच्या मदतखांबाचे बटण दाबून कर्मचाऱ्याला बोलवायचे.

फोटो काढू देतात का?
*— अनेक वाचक*

हौशी फोटोंना मनाई नाही. स्टँड लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. चालकाच्या डोळ्यांवर फ्लॅश गेला तर तो गंभीर मामला होतो. पोलीस आणि तपासणीची यंत्रे चौकटीत घेऊ नका. पासपोर्ट जवळ हवा. गाडी आत येताना तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांना आम्ही काहीच सांगत नाही, घरच्यांनी सांगावे.

मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा आहे असे वाचले. मेट्रोने तिथे कसे जायचे?
*— एक वाचक, वाळवा तालुका*

अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले होते. त्यांचा पुतळा सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या मार्गारीता रुदोमिनो परदेशी साहित्य ग्रंथालयात बसवण्यात आला. वर्तुळ मार्गिकेने तागान्स्कायाला उतरा. कुर्स्कायाहून काट्यांच्या दिशेने हे पुढचेच स्थानक, म्हणजे सोलापूरच्या वाचकांनाही वाट वाकडी करून जाता येईल. वर यायची घाई नको. निळ्या-पांढऱ्या चकाकत्या मातीकामातले योद्ध्यांचे चेहरे इथले खास आहे. बाहेर पडून याउझा नदीच्या दिशेने निकोलोयाम्स्काया रस्त्यावर या; ग्रंथालय १ क्रमांकाला, साधारण पंधरा मिनिटांच्या चालीवर. ग्रंथालय कामकाजाच्या वेळातच उघडे असते, तेव्हा त्या दिवसाची वेळ आधी पाहून घ्या, आणि दारात दाखवायला पासपोर्ट ठेवा.